मोजायचं कसं? सजीवांची संख्या, तिची वाढ आणि नमुना पद्धती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर भाद्रपदात मी बारावीच्या मुलांना घेऊन आमच्या गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जातो. सोबत पीव्हीसी पाइपच्या चार चौकटी, सुतळीचं बंडल, टेप आणि पावसापासून वाचवायला प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबलेल्या वह्या. प्रश्न दरवर्षी तेच येतात. मुलांचे येतात, पालकांचे येतात, आणि वाघांचा नवा आकडा पेपरात छापून आला की शेजारपाजारच्यांचेही येतात. म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतोय.

‘समष्टी’ म्हणजे काय? सरळ ‘लोकसंख्या’ का म्हणत नाही?

लोक म्हणजे माणसं, म्हणून. बेडकांची लोकसंख्या म्हटलं की वर्गात हशा पिकतो. एका ठिकाणी, एका काळात राहणारे एकाच जातीचे सगळे जीव म्हणजे समष्टी. यातलं ‘एका ठिकाणी’ महत्त्वाचं. तळ्यातले बेडूक किती, हा प्रश्न तळं कुठे संपतं हे ठरवल्याशिवाय विचारताच येत नाही. मी खाली बहुतेक ठिकाणी नुसतं ‘संख्या’ म्हणेन.

संख्या वाढते ती नेमकी कशामुळे?

जमाखर्च चार खात्यांचा आहे. जन्म आणि बाहेरून आलेले जमेला, मृत्यू आणि निघून गेलेले खर्चाला. शाळेत जन्म-मृत्यूवरच सगळा भर असतो, पण छोट्या जंगलात येणारे-जाणारेच हिशेब फिरवतात. तीन वर्षांचा नर वाघ नवी हद्द शोधायला बाहेर पडला, तर त्या जंगलाच्या वहीत तो मेल्यासारखाच असतो आणि शेजारच्या जंगलात जन्मल्यासारखा.

जे आकाराचा आलेख खरोखर कुठे दिसतो का, की तो फक्त पुस्तकात?

आधी हळू आणि मग एकदम उभा चढणारा तो आलेख. दिसतो, पण थोडे दिवस. कोल्हापूरकरांनी पंचगंगेत पाहिलाय. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातलं खत, ऊन आणि संथ पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. दुप्पट म्हटलं की डोक्यात दोनाचे चार येतात, त्यामुळे पहिले दोन महिने कुणी लक्ष देत नाही. पात्र एक अष्टमांश झाकलेलं असतं तेव्हा नदी मोकळीच वाटते. तिथून पूर्ण झाकायला फक्त तीन दुपटी, म्हणजे सहा आठवडे. ओरड सुरू होते ती अर्धं पात्र झाकल्यावर, आणि तेव्हा एकच दुप्पट शिल्लक असते.

हिशेबाला एक सोपी युक्ती आहे. वाढीचा दर टक्क्यांत असेल तर ७० ला त्याने भागा, दुप्पट व्हायला लागणारा काळ मिळतो. वर्षाला ७ टक्के वाढ असेल तर साधारण दहा वर्षं. दर फार मोठा असला की युक्ती जरा चुकते, पण तोंडी हिशेबाला चालते.

मग एस आकाराचा आलेख? आणि हा ‘के’ कुठून येतो?

माल्थस या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १७९८ साली वाढीला मर्यादा असते हे शब्दांत मांडलं. पिएर व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ मध्ये ते समीकरणात बसवलं. कल्पना साधी आहे : संख्या जसजशी ‘के’च्या, म्हणजे त्या जागेच्या धारणक्षमतेच्या जवळ जाते, तसतशी वाढ मंदावते. संख्या ‘के’च्या निम्मी असते तेव्हा भर सगळ्यात जास्त पडते. शंभर वर्षांनी गाउझे या रशियन जीवशास्त्रज्ञाने काचेच्या नळीत पॅरामीशियम हा एकपेशीय जीव वाढवून तसाच वळणदार आलेख काढून दाखवला.

आता माझी तक्रार. पुस्तकातली ती वरची आडवी तुटक रेघ पाहून मुलांना वाटतं की ‘के’ हा प्रत्येक जंगलाच्या गेटवर रंगवलेला आकडा असतो. तसं नाही. पर्ल आणि रीड या अमेरिकी संशोधकांनी १९२० मध्ये अमेरिकेच्या लोकसंख्येवर हाच वक्र बसवला आणि कमाल मर्यादा काढली सुमारे १९.७ कोटी. १९६० च्या दशकात अमेरिकेने ती मर्यादा ओलांडली आणि मुकाट पुढे गेली. शेती बदलली, औषधं बदलली, बाहेरून माणसं आली, ‘के’ सरकला. जंगलात तर तो एका दुष्काळातही सरकतो.

संख्या ‘के’पर्यंत येऊन शहाण्यासारखी थांबते का?

थांबतेच असं नाही. याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण दूरचं आहे, अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटाचं. १९४४ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने तिथे २९ रेनडियर सोडले, २४ माद्या आणि ५ नर. बेटावरच्या जवानांना अडीनडीला मांस असावं, हा हेतू. युद्ध संपलं, जवान गेले, रेनडियर राहिले. लांडगे नाहीत, शिकारी नाहीत, आणि पायाखाली दगडफुलाची, म्हणजे लायकेनची, जाड गादी.

१९५७ मध्ये डेव्हिड क्लाइन या जीवशास्त्रज्ञाने मोजले तेव्हा १,३५० होते. १९६३ मध्ये ६,०००. मुलांकडून मी इथेच हिशेब करून घेतो. पहिल्या तेरा वर्षांत सरासरी वाढ वर्षाला सुमारे ३४ टक्के, पुढच्या सहा वर्षांत सुमारे २८. म्हणजे वेग थोडा उतरला होता, पण थोडाच. इकडे दगडफूल खाऊन संपत आलं होतं, आणि ते वाढायला वर्षानुवर्षं लागतात. १९६३-६४ चा हिवाळा कडक निघाला. १९६६ मध्ये क्लाइन परत गेले तेव्हा बेटभर सांगाडे होते आणि जिवंत ४२. त्यांतल्या ४१ माद्या, एक नर, तोही शिंगांत खोट असलेला, आणि पाडस एकही नाही. १९८० च्या दशकापर्यंत उरलेलेही संपले.

एस आकारात ही गोष्ट बसत नाही. अन्न संपल्याची खबर जन्मदरापर्यंत उशिरा पोचते, आणि दरम्यान कळप ‘के’ ओलांडून जातो. शिवाय चरून टाकलेल्या बेटाचा ‘के’ पूर्वीइतका राहतच नाही. हे सगळं आपल्याला कळलं ते एका माणसाने तीन वेळा जाऊन मोजलं म्हणून. मधल्या एकाही वर्षाचा आकडा नाही, तरी आलेख काढताना आपण ते ठिपके बिनदिक्कत जोडतो.

‘आर’ जाती आणि ‘के’ जाती पाठ कराव्यात का?

परीक्षेपुरत्या करा. ‘आर’ म्हणजे झपाट्याने भरपूर पिल्लं घालणाऱ्या, ‘के’ म्हणजे थोडीच पिल्लं घालून ती सांभाळणाऱ्या. आंब्यावरचा तुडतुडा एका टोकाला, हत्ती दुसऱ्या टोकाला, आणि बाकी सगळं जग मधे.

सगळंच मोजून का टाकत नाही? नमुना कशाला?

आमच्या सड्यावर दुपारी दोननंतर धुकं उतरतं. चाळीस मुलं, तीन तास, आणि प्रत्येक पावलाला काहीतरी पायाखाली तुडवलं जातंय. एवढं कारण मला पुरतं.

क्वाड्रॅट किती मोठा घ्यायचा?

क्वाड्रॅट म्हणजे आपली मोजणीची चौकट. ती किती मोठी, ते जे मोजायचं त्यावर. गवत आणि छोट्या फुलझाडांना एक मीटर बाय एक मीटर, झुडपांना पाच बाय पाच, झाडांना दहा बाय दहा किंवा त्याहून मोठा. चौकटीच्या कडेवर पडलेल्या रोपांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. आधीच ठरवा : वरची आणि डावी कड धरायची, खालची आणि उजवी सोडायची. रोप मुळाशी कुठे आहे ते बघा, फांदी कुठे डोकावतेय ते नको.

आणि मोजता येण्यासारखंच निवडा. सोनकी मोजता येते, तेरडा मोजता येतो. गवताचं एक रोप कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं यावर माझ्यासमोर दोन मुली पंधरा मिनिटं भांडल्यात. तिथे रोपं मोजायच्या फंदात न पडता चौकटीचा किती टक्के भाग झाकलाय ते लिहावं.

चौकट पाठीमागे फेकली की झाली ना यादृच्छिक?

नाही. फेकणारा हात प्रामाणिक नसतो. एका वर्षी मी हे मुद्दाम बघितलं : डोळे मिटून, पाठ करून फेकलेल्या चौकटींपैकी एकही चिखलात पडली नाही. मुलं फेकण्याआधीच फुलांच्या गालिच्याजवळ उभी राहतात. मनात काही नसतं, पण पायाला चिखल नको असतो.

सरळ पद्धत अशी : जागेच्या दोन कडांना टेप लावा. मोबाइलमधून किंवा चिठ्ठ्या उचलून आकड्यांच्या जोड्या काढा. २३ आणि ७ आलं तर एका कडेने २३ मीटर आणि आत ७ मीटर चाला आणि चौकट तिथेच टेका, मग तिथे फुलं असोत, कातळ असो की शेण.

आकडे मिळाले. आता घनता, वारंवारता आणि विपुलता यांत फरक काय?

एकच उदाहरण घेऊ. दहा चौकटींत सोनकीची रोपं अशी निघाली : ०, ०, १४, १, ०, २२, ०, ३, ०, ०.

एकूण ४०. घनता ४० भागिले १०, म्हणजे चौरस मीटरला ४. रोपं चारच चौकटींत होती, म्हणून वारंवारता ४० टक्के. विपुलता काढताना फक्त रोपं असलेल्या चौकटी धरायच्या : ४० भागिले ४, म्हणजे १०. घनता ४ आणि विपुलता १० यांत एवढं अंतर पडलं, तिथेच कळतं की सोनकी घोळक्याने उगवलीय.

हेच नीट तपासायचं तर प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप), काढा आणि त्याला सरासरीने भागा. इथे प्रचरण सुमारे ५९ येतं, सरासरी ४, भागाकार जवळपास १५. रोपं कशीही विखुरलेली असती तर तो १ च्या आसपास आला असता, ठरावीक अंतरावर लावल्यासारखी असती तर १ च्या खाली.

आता खरी गंमत. अर्ध्या एकराहून थोड्या मोठ्या, २,५०० चौरस मीटरच्या तुकड्यावर ही सरासरी लावली तर उत्तर येतं दहा हजार रोपं. मुलं तो आकडा ठळक लिहून खाली दोन रेघा मारतात. पण दहाच चौकटींवरून ९५ टक्के खात्रीचा पट्टा, म्हणजे खरी सरासरी बहुधा ज्यात असेल तो, काढला तर तो ४ च्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेपाच एवढा पसरतो. खालचं टोक शून्याच्याही खाली जातं. म्हणजे या दहा चौकटींवरून आपल्याला जवळजवळ काहीच कळलेलं नाही. चूक निम्मी करायची तर चौकटी चौपट लागतात. घोळक्याने उगवणाऱ्या झाडाला दहा चौकटी पुरत नाहीत, एकसारख्या पसरलेल्याला पुरू शकतात. ‘किती क्वाड्रॅट घ्यायचे’ याचं एक ठरलेलं उत्तर नाही ते यामुळेच.

प्राणी चौकटीत बसत नाहीत. ते कसे मोजायचे?

काही पकडायचे, खूण करायची, सोडायचे. ते इतरांत मिसळले की पुन्हा पकडायचे आणि खूण असलेले किती आले ते बघायचं. पीटरसनने १८९६ मध्ये समुद्रातल्या माशांवर खुणा करून या विचाराची सुरुवात केली, लिंकनने १९३० मध्ये अमेरिकेतल्या बदकांवर तो चालवला.

घरी करून बघायचं तर डब्यातला राजमा घ्या. मूठभर काढा, समजा ६० निघाले, त्यांवर मार्करने ठिपका द्या. परत टाका, डबा चांगला हलवा. दुसरी मूठ, समजा ८०, त्यांत ठिपकेवाले १२. म्हणजे ८० मध्ये १२, तर किती मध्ये ६०? साठ गुणिले ऐंशी भागिले बारा, ४००. मग डबा ओतून खरंच मोजा. उत्तर तंतोतंत आलं तर संशय घ्या, जवळपास आलं तर चहा घ्या.

ठिपकेवाले कमी आले की हे सूत्र उड्या मारतं. बाराऐवजी तीनच आले असते तर उत्तर १,६०० झालं असतं. चॅपमनने १९५१ मध्ये सुचवलेली दुरुस्ती थोडी आवर घालते : तिन्ही आकड्यांत एकेक मिळवा, तोच हिशेब करा, शेवटी एक वजा करा. वरच्या दोन उदाहरणांत ४०० चे ३७९ होतात आणि १,६०० चे १,२३४.

पण राजमा शहाणा नसतो, उंदीर असतो. एकदा पिंजऱ्यात अडकलेला उंदीर पुन्हा फिरकला नाही तर संख्या फुगते. उलट पिंजऱ्यातलं खोबरं आवडून तो रोज येऊ लागला तर संख्या घटते. दोन पकडींच्या मधे खूप जन्मले, मेले, निघून गेले, किंवा खूणच पुसली गेली, तरी उत्तर बिघडतं. सूत्र तुम्हाला यातलं काही सांगत नाही, ते आपलं गुपचूप आकडा देतं.

वाघांची मोजणी अशीच करतात?

हो, फक्त खूण निसर्गाने आधीच करून ठेवलीय. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण एकाच वाघाचे डावे-उजवे पट्टे वेगळे असतात. एकच बाजू टिपली तर एक वाघ दोनदा मोजला जायचा. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅप आणि हे पकड-पुनर्पकडीचं गणित एकत्र आणलं.

२०१८ च्या मोजणीत देशभर २६,८३८ जागी कॅमेरे होते. सुमारे साडेतीन कोटी फोटो निघाले, त्यांतले ७६,६५१ वाघांचे. वेगवेगळे वाघ ओळखले गेले २,४६१ आणि जाहीर झालेला अंदाज होता २,९६७. मधला फरक कॅमेऱ्यात न आलेल्यांचा, गणिताने काढलेला.

२००२ मध्ये ३,६४२ वाघ होते, २००६ मध्ये १,४११. चार वर्षांत दोन हजार वाघ कुठे गेले?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि त्यातली गडबड ‘होते’ या शब्दात आहे. २००२ पर्यंतची मोजणी पाऊलखुणांची. वनरक्षक काचेवर ठसा गिरवायचे, प्लास्टरचे साचे घ्यायचे, आणि ठशांवरून वाघ ओळखायचे. १९७२ चा १,८२७ हा आकडाही त्यातलाच. पण एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत वेगळा, भुरभुरीत धुळीत वेगळा, धावताना आणखी वेगळा. शिवाय सगळ्या जंगलातला प्रत्येक वाघ सापडलाच, असं यात गृहीत धरलेलं. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते आणि २००५ च्या सुमारास कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. त्यानंतर पद्धत बदलली.

२००६ चा १,४११ हा नव्या पद्धतीचा पहिला आकडा, आणि तोही १,१६५ ते १,६५७ या पट्ट्याचा मध्य. शिकारीने वाघ गेले हे खरंच आहे. पण ३,६४२ मधून १,४११ वजा करून उत्तर लिहिणं म्हणजे पायलीने मोजलेल्या भातातून किलोने मोजलेला भात वजा करणं. २००६ नंतरचे १,७०६, २,२२६, २,९६७ आणि २०२२ चे ३,६८२ हे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात, तेही जरा जपून, कारण दर खेपेला कॅमेरे वाढलेत आणि मोजलेलं क्षेत्रही. महाराष्ट्राचे २०१८ ते २०२२ मध्ये ३१२ वरून ४४४ झाले.

बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसून करतात ती गणना मग काय असते?

अनुभव असतो, आणि फार सुंदर असतो. मी मेळघाटात एकदा रात्रभर बसलोय. पहाटे एक अस्वल पाणी पिऊन गेलं, एवढंच दिसलं. उन्हाळ्यात पाणी कमी, चांदणं स्वच्छ, म्हणून जनावरं दिसतात. पण तेच अस्वल पुढच्या पाणवठ्यावर दुसऱ्याने पुन्हा मोजलं असेल, आणि मांजरकुळातले प्राणी एखादी रात्र पाण्यावर आलेच नाहीत असंही होतं. वनविभाग आता याला ‘निसर्गानुभव’ म्हणतो, ते नाव मला पटतं. ‘अमुक इतकी अस्वलं आढळली’ या बातमीतला आकडा नोंदींचा असतो, अस्वलांचा नसतो.

ट्रान्सेक्टवर किती लांबपर्यंतचे प्राणी धरायचे?

ट्रान्सेक्ट म्हणजे मोजणीसाठी चालायची आखलेली सरळ रेषा. साधी पद्धत म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना ठरावीक पट्टा, त्याबाहेरचं सोडून द्यायचं. चांगली पद्धत म्हणजे दिसलेल्या प्रत्येक प्राण्याचं रेषेपासूनचं काटकोनातलं अंतर लिहायचं. जवळचे बहुतेक दिसतात, लांबचे झाडीत हरवतात. अंतरांचा आलेख काढला की न दिसलेले किती असतील याचा अंदाज येतो.

पण कधी कधी नेमकी संख्या लागतच नाही, घट कळली तरी पुरे. देशातल्या गिधाडांसाठी ठरलेल्या रस्त्यांवरून गाडीने जाऊन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजणी झाली होती. २००० नंतर तेच रस्ते पुन्हा पुन्हा पालथे घातले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटल्याचं दिसलं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध कारण निघालं आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आधीची मोजणी कुणी केली नसती, तर ‘पूर्वी खूप असायची हो’ यापलीकडे आपल्याकडे काही नव्हतं.

माणसांची तर घरोघरी जाऊन जनगणना होते. तिथे नमुना लागत नाही ना?

लागतो, आणि हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. २०११ च्या जनगणनेत देश १२१ कोटी, महाराष्ट्र ११.२४ कोटी. पण किती माणसं सुटली? ते तपासायला नंतर निवडक गटांत दुसरी, स्वतंत्र मोजणी करतात आणि दोन्ही याद्या जुळवतात. २०११ मध्ये दर हजारी २३ जण सुटल्याचा अंदाज निघाला. दोन याद्या, दोन्हींत सापडलेली माणसं : हा राजम्याचाच डबा. चंद्रशेखरन आणि डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये हेच गणित बंगालमधल्या सिंगूरच्या जन्म-मृत्यू नोंदींवर वापरून दाखवलं होतं.

जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीत, आकडे घरी बसून जुळवून लिहिले तर कळतं का?

कळतं. घरी बसून लिहिलेल्या दहा चौकटी अशा असतात : ४, ५, ३, ४, ६, ४, ५, ३, ४, ५. शून्य लिहायला हात धजत नाही आणि २२ लिहायला तर मुळीच नाही. प्रचरणाला सरासरीने भागलं की ०.२ च्या आसपास येतं, म्हणजे कुणीतरी सोनकी वाफ्यात, वीत मोजून लावल्यासारखी. मागच्या वर्षी तीन जर्नल्स अशी आली, तिन्हींत तेच आकडे. त्या तिघांना मी रविवारी परत सड्यावर नेलं. पाऊस होता. पहिल्या सहा चौकटी शून्य निघाल्या, सातवीत ३१.